एक कोटी म्हातारपणे

घरात पैशाचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो. ही सवय जुनी आहे. काचा स्वच्छ होईपर्यंत सौभाग्यवतींनी तो विषय एकटीने चालवून बहुधा निकालातही काढलेला असतो, आणि मग स्वच्छ काचांतून तो निकाल पाहण्याचे काम तेवढे माझ्याकडे उरते. पण गेल्या श्रावणात बंगळूरहून चिरंजीवांचा फोन आला आणि चष्मा पुसून भागेना.

"बाबा, पुण्यात वाकडला एक फ्लॅट पाहिलाय. कर्ज मिळतंय, पण सुरुवातीला भरायला पंधरा लाख कमी पडतात. तुम्हांला जमेल का? जमणार नसेल तर अगदी स्पष्ट सांगा."

मुलाने 'स्पष्ट सांगा' म्हटले की बापाला काहीच स्पष्ट सांगता येत नाही. मी म्हटले, "हिशेब करून सांगतो."

हिशेब हा माझा धंदा होता. चौतीस वर्षे मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. महाविद्यालय विनाअनुदानित, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, निवृत्तिवेतन तेवढे मिळाले नाही. जे काही आहे ते बँकेत आहे. किती, ते येथे सांगत नाही. दिवाळी अंक कोण कोण वाचतात याचा नेम नसतो. प्रश्न एवढाच होता की, त्यातून पंधरा लाख काढले आणि आम्ही दोघे आणखी तीस वर्षे जगलो, तर उरलेले पुरतील का?

साधा गृहस्थ म्हणेल, व्याज इतके, महागाई इतकी, कागदावर करा बेरीज-वजाबाकी. पण व्याज दरवर्षी सारखे नसते आणि महागाई तर मुळीच नसते. सुरुवातीची चार वर्षे महागाईची निघाली आणि पुढची स्वस्ताईची, तर म्हातारा पंच्याहत्तरीतच कफल्लक होतो. तीच वर्षे उलट क्रमाने आली तर नातवंडांना ठेवून जातो. सरासरी दोन्हीकडे एकच. म्हणून मी चिठ्ठ्यांची रीत वापरायची ठरवली. गेल्या पंचवीस वर्षांच्या पंचवीस चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकीवर त्या वर्षाचे व्याज आणि त्या वर्षाची महागाई लिहायची. डोळे मिटून एक चिठ्ठी काढली की आपले पहिले वर्ष गेले. चिठ्ठी परत टाकायची, दुसरी काढायची. अशा तीस चिठ्ठ्या काढल्या की एक म्हातारपण पुरे झाले. अशी पुष्कळ म्हातारपणे काढायची आणि त्यांतल्या कितींत पैसे आधी संपले ते मोजायचे.

ही रीत माझी नव्हे. स्टॅनिस्लाव उलाम नावाचे एक गणिती १९४६ साली आजारातून उठत असताना पत्त्यांचा पेशन्स लावीत पडले होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्यांनी सूत्राने काढायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा त्यांच्या मनात आले की शंभर डाव लावून मोजले तर काय बिघडले? त्यांनी आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना लॉस अलामॉसच्या अणुसंशोधनात लावली, आणि जुगाराच्या अड्ड्यावरून तिला मॉन्टे कार्लो हे नाव पडले. आजारपणात पत्ते खेळणाऱ्याला घरचे लोक रिकामटेकडा म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या रीतीत एक मेख आहे. उत्तर दहापट अचूक हवे असेल तर मेहनत शंभरपट करावी लागते. म्हणून लोक लाखांनी आणि कोटींनी डाव लावतात. आणि येथे चिरंजीवांची खोली माझ्या कामी आली.

नोकरीसाठी जाताना चिरंजीव आपला खेळण्याचा संगणक येथेच ठेवून गेले. त्यात एक ग्राफिक्स कार्ड आहे. कॉलेजात असताना त्याने ते घेतले तेव्हा 'एवढे पैसे नुसत्या चित्रांसाठी?' म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. नंतर मला कळले की हे कार्ड म्हणजे एक मोठी शाळाच असते. संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे चार-आठ हुशार प्राध्यापक. कार्डात एक हजाराहून अधिक साधी मुले असतात. प्रत्येकाची अक्कल बेताची, पण सगळ्यांनी एकदम एकच उदाहरण सोडवायचे म्हटले की प्राध्यापक मागे पडतात. २००७ साली एनव्हिडिया कंपनीने कुडा नावाची सोय काढली, तेव्हापासून या शाळेला चित्रांखेरीज इतर अभ्यासही सहज देता येतो. फोर्ट्रान आणि सी या भाषांवर माझी हयात गेली, त्यामुळे कुडा मला महिन्याभरात जमली. जमली असे मला वाटले.

मी चाळीस तुकड्या केल्या, प्रत्येक तुकडीत २५६ विद्यार्थी. एकूण १०,२४०. यांना 'थ्रेड' म्हणतात, पण मी विद्यार्थीच म्हणेन. प्रत्येकाने एका फेरीत शंभर म्हातारपणे काढायची, आणि अशा दहा फेऱ्या. दहा फेऱ्या एवढ्याचसाठी की एकाच दमात सारे काम दिले तर पडदा काळा होई. दोन सेकंद कार्डाने तोंड उघडले नाही की ते मेले असे समजून विंडोज त्याला हलवून उठवते आणि चालू काम फुकट जाते. दहा फेऱ्यांची बेरीज एक कोटी दोन लाख चाळीस हजार म्हातारपणे. चहाचा कप उचलून ओठांपर्यंत नेईपर्यंत उत्तर पडद्यावर होते: पैसे संपण्याची शक्यता ४.०००० टक्के. खाली मीच लिहिलेल्या सूत्राने सांगितले होते की चूक फार तर ०.००६ टक्क्यांच्या आसपास.

चार टक्के! शंभरांत शहाण्णव वेळा आम्ही सुखरूप. गौरी जेवणाच्या दिवशी पाहुणे होते, साडू होते, सूनबाईंचे वडील होते. पुरणपोळीवर तूप पडत असताना मी जाहीर करून टाकले की संख्याशास्त्राच्या मते पंधरा लाख द्यायला हरकत नाही. संध्याकाळी चिरंजीवांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी त्याने बिल्डरला पन्नास हजारांचे टोकन भरले.

आमच्या मंडळींनी मात्र रात्री झाकपाक करता करता विचारले, "त्यात माझ्या दातांचा खर्च धरलात का?"

धरला नव्हता. डॉक्टरांनी दोन वर्षांत नवे दात बसवावे लागतील असे सांगितले होते. सकाळी उठून मी तिसऱ्या वर्षात दातांचा खर्च घातला आणि कळ दाबली. उत्तर आले: ११.०००० टक्के.

मी चरकलोच. दातांनी माणसाला खाल्ल्याचे ऐकले नव्हते. सौभाग्यवतींना काही न सांगता मी दात काढून टाकले, म्हणजे हिशेबातून, आणि पुन्हा कळ दाबली. आता चार यायला हवे होते. आले ७.००००.

कोणी नवखा असता तर म्हणाला असता, नशिबाचा खेळ आहे, कधी चार, कधी सात. पण चूक ०.००६ टक्के असेल तर चाराचे सात होणे म्हणजे डेक्कनवरून निघालेली बस स्वारगेटऐवजी नागपूरला पोहोचणे होय. काहीतरी ठार चुकले होते. शिवाय ती शून्ये! चार दशांशांपर्यंत तीनही वेळा शून्ये. पहिल्या दिवशी ती मला नीटनेटकी वाटली होती. एक कोटी म्हातारपणांतून बरोबर चार लाख नऊ हजार सहाशे बुडतात, ना एक कमी ना एक जास्त? जन्मभर मुलांना सांगत आलो की फार सुबक उत्तर आले तर आधी संशय घ्या. आपल्या पैशांचा प्रश्न आला तेव्हा मी त्या सुबकपणावर तूप वाढून मोकळा झालो होतो.

दोष शोधायचा तर आधी तो पळता कामा नये. प्रत्येक वेळी वेगळे उत्तर येत असेल तर दुरुस्तीने फरक पडला की नशिबाने, हे कसे समजणार? येथे यंत्राच्या 'यदृच्छे'बद्दल थोडे सांगितले पाहिजे. यंत्राला फासे टाकता येत नाहीत. ते एका संख्येपासून निघते, तिला गुणून, पिळून, उलटीपालटी करून दुसरी संख्या काढते, तिच्यापासून तिसरी. आपल्याला ती रांग अगदी अस्ताव्यस्त दिसते, पण पहिली संख्या तीच दिली तर सारी रांग तीच येते. त्या पहिल्या संख्येला 'सीड' म्हणतात, म्हणजे बियाणे. पूर्वी हा खटाटोप नव्हता. छापील कोष्टके असत. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९५५ साली दहा लाख यादृच्छिक अंकांचे एक जाडजूड पुस्तकच काढले. कथानकाच्या दृष्टीने ते कंटाळवाणे असले तरी पुढे काय येणार हे शेवटपर्यंत कळत नाही, एवढे खरे.

मी बियाणे घड्याळावरून घेत होतो, त्या क्षणी जितके सेकंद झाले असतील ती संख्या. म्हणून दर वेळी उत्तर बदलत होते. आता मी ती काढून आमच्या लग्नाची तारीख घातली. निदान यंत्राच्या तरी ती लक्षात राहिली.

दुसरी गोष्ट, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न द्यावा. परीक्षकाला माहीत नसलेला प्रश्न विचारून विद्यार्थ्याचा खरेखोटेपणा कळत नाही. मी त्या विद्यार्थ्यांना 'पाय' काढायला सांगितले, तो वर्तुळाचा ३.१४१६. चौरसावर डोळे मिटून ठिपके टाकायचे, चतुर्थांश वर्तुळात किती पडले ते मोजायचे आणि चाराने गुणायचे. दहा लाखांवर ठिपके टाकले. उत्तर आले बरोबर ३.२०. एवढ्या ठिपक्यांना तिसऱ्या दशांशस्थळाच्या आसपास घोटाळा शोभला असता, दुसऱ्याच पाच-सहा एककांनी नव्हे. म्हणजे माझ्या व्याजाच्या सूत्रात, महागाईत, दातांत काही चूक नव्हती. चूक चिठ्ठ्या काढणाऱ्या हातात होती.

तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. पहिल्या आठ विद्यार्थ्यांच्या पहिल्या दहा-दहा संख्या आठ स्तंभांत पडद्यावर मांडल्या. मी त्या पाहत असतानाच सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. चौतीस वर्षे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून त्यांनी गुणांच्या बेरजा तपासून दिल्या आहेत. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे सगळे एकाच बाकावरचे दिसतात."

आठही स्तंभ अक्षरशः एक होते. पहिल्या विद्यार्थ्याची पहिली संख्या तीच आठव्याची पहिली. दहावी तीच दहावी. कॉपी! आणि आठांचीच नव्हे, दहा हजार दोनशे चाळीसांची सामुदायिक कॉपी. एका वर्षी एका केंद्रावर सत्तावीस मुलांनी एकाच ठिकाणी अधिकाऐवजी वजा केले होते, ते मी दोन पेपरांत पकडले होते. चुकीचे उत्तर जेव्हा सगळ्यांचे सारखे असते तेव्हा परीक्षकाला फार विचार करावा लागत नाही. आणि येथे स्वतःच्या शाळेत मी त्या सर्वांच्या उत्तरांची बेरीज करून 'केवढा मोठा नमुना!' म्हणून हुरळलो होतो. एक कोटी म्हातारपणे कसली? शंभरच होती, आणि तीच एक लाख दोन हजार चारशे वेळा मोजली होती. शंभरांत चार बुडाले की ४.००००, अकरा बुडाले की ११.००००. शून्यांचा उलगडा झाला. शंभराच्या नमुन्याला तीन टक्के इकडेतिकडे होणे ही अगदी शेजारधर्माची गोष्ट आहे. यंत्राने काही चोरून ठेवले नव्हते, ०.००६ हे सूत्र मीच लिहिले होते, आणि सर्व जण स्वतंत्र आहेत हे मीच गृहीत धरले होते.

दोष कुणाचा? कुडाबरोबर यादृच्छिक संख्यांचे एक तयार भांडार येते, त्याचे नाव क्युरँड. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला बसवताना दोन गोष्टी सांगायच्या असतात: बियाणे, आणि रांगेचा क्रमांक. बियाणे मी सगळ्यांना एकच दिले. क्रमांकाच्या जागी काय घालायचे ते मला उमगले नव्हते, म्हणून सगळ्यांना शून्य घातले. दोन्ही सारखे दिल्यावर त्यांनी वेगळे उत्तर लिहावे तरी कसे? त्या भांडाराच्या माहितीपुस्तकात हे स्वच्छ लिहिले आहे. ते मी नंतर वाचले.

वाचण्यापूर्वी मात्र मी स्वतःची अक्कल चालवली, आणि हा भाग सांगायला जरा लाज वाटते. मी म्हटले, प्रत्येकाला वेगळे बियाणे देऊ. घड्याळाचे सेकंद अधिक त्याचा हजेरीक्रमांक. स्तंभ लगेच वेगळे दिसू लागले. उत्तर साडेआठाच्या पुढे आले. खात्री करावी म्हणून मिनिटाभराने पुन्हा चालवले, तर जवळजवळ तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. इतके तंतोतंत, की ठरावीक गणिताने जेवढा फरक पडायला हवा तेवढाही पडेना. यावेळी मात्र मी तूप वाढले नाही. कागदावर मांडले तेव्हा हसू आले. मिनिटाभरात घड्याळ साठ सेकंद पुढे गेले. म्हणजे पहिल्या खेपेच्या एकसष्टाव्या विद्यार्थ्याचे बियाणे दुसऱ्या खेपेला पहिल्याला मिळाले, बासष्टाव्याचे दुसऱ्याला. दहा हजार दोनशे चाळिसांतले साठच नवे, बाकी सगळे जागा बदलून बसलेले जुने. ज्यांना मी नवे साक्षीदार समजत होतो ते कालचेच साक्षीदार टोप्या बदलून आले होते.

मग मुकाट्याने माहितीपुस्तक उघडले. वेगवेगळी बियाणी दिली तर बहुधा चालते, पण काही जोड्यांत छुपे नाते निघू शकते. त्यापेक्षा बियाणे एकच द्या आणि रांगेचा क्रमांक प्रत्येकाला वेगळा द्या, असा तेथे सल्ला आहे. तसे केले की एकाच प्रचंड रांगेत प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्यापासून दोनाच्या सदुसष्टाव्या घाताइतका दूर जाऊन बसतो. एकावर वीस शून्ये मांडली तरी ती संख्या याहून लहानच. एवढ्या अंतरावर बसवल्यावर कॉपी करायची म्हटले तरी जमणार नाही. विद्यापीठाने विचार करण्याजोगी व्यवस्था आहे, फक्त मांडवाचा खर्च झेपायला हवा.

हजेरीक्रमांक घालून चालवले. ८.७१ टक्के. 'पाय'ही ३.१४ वर आला. मला वाटले, संपले. पण एकदा चोर सापडला की घरधनी प्रत्येक कपाट उघडून पाहतो. मी दहा फेऱ्यांचे आकडे वेगवेगळे छापले. पहिली फेरी, बुडालेली म्हातारपणे ८९,२१७. दुसरी फेरी, ८९,२१७. तिसरी, ८९,२१७. दहावीपर्यंत तेच!

हा दुसरा घोटाळा पोथीच्या खुणेचा होता. प्रत्येक विद्यार्थी आपल्या रांगेत कुठवर आला आहे याची नोंद कार्डाच्या मोठ्या स्मरणात असते. ती तेथून दर वेळी उचलणे संथ, म्हणून कामाच्या सुरुवातीला तिची एक नक्कल हाताशी घ्यायची आणि त्या नकलेवर काम करायचे, हा रिवाज आहे. मी नक्कल घेतली. फेरी संपल्यावर ती परत जागेवर ठेवायला विसरलो. माझी आजी चातुर्मासात पोथी वाची आणि मोरपिसाची खूण ठेवी. आम्ही पोरे खूण काढून पुन्हा पहिल्या पानात घालीत असू, आणि बिचारी दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा वाची. तिच्या लक्षात येई की नाही कोण जाणे. पुण्य दुप्पट, असे ती म्हणे. माझे दहा हजार विद्यार्थी दहा वेळा तोच अध्याय वाचत होते, आणि पुण्य मात्र दसपट मांडले जात होते. एक ओळ वाढवली, नोंद परत ठेवली. फेऱ्या वेगळ्या झाल्या: ८९,०४१, ८९,३६२, ८८,८७०. उत्तर ८.७० टक्के. म्हणजे या चुकीने उत्तरात जवळपास काही फरक पडला नव्हता. तरीही ती काढल्यावर मला जेवण गोड लागले.

आणि मग एक तिसरीच गंमत झाली. मी पैसे संपण्याच्या शक्यतेबरोबर शेवटी उरणाऱ्या पैशांची सरासरीही काढीत होतो. खरोखरची एक कोटी म्हातारपणे सुरू होताच ती काही पटींनी फुगली. सर्वांत श्रीमंत म्हातारा कोण म्हणून पाहिले, तर त्याच्यापुढे कुबेर म्हणजे हातगाडीवाला. असे नऊ म्हातारे निघाले. कोटीत नऊ!

पंचवीस चिठ्ठ्यांना यंत्राच्या रिवाजाप्रमाणे शून्यापासून चोवीसपर्यंत क्रमांक होते. शून्य ते एक यांमधली एक संख्या घ्यायची, पंचविसाने गुणायची, अपूर्णांक टाकायचा. तो चिठ्ठीचा क्रमांक. बहुतेक ठिकाणी या संख्येत शून्य येऊ शकते पण एक कधी येत नाही. या भांडारात नेमके उलट आहे. शून्य कधी येत नाही, पण एक येऊ शकतो, काही कोटींत एखाद्या वेळी. एक आला की पंचवीस गुणिले एक बरोबर पंचवीस, आणि त्या क्रमांकाची चिठ्ठीच नाही. माणूस असता तर 'चिठ्ठी सापडत नाही' म्हणाला असता. कार्ड तक्रार करीत नाही. शेजारच्या जागेत जे असेल ते चिठ्ठी म्हणून वाचते. शेजारी आमची सुरुवातीची सारी शिल्लक लिहिलेली होती. त्या भाग्यवान म्हाताऱ्याला त्या वर्षी आमच्या शिलकीइतक्या पटीने व्याज मिळाले. शंभरच म्हातारपणे चालू होती तेव्हा तीन हजार चिठ्ठ्यांत हा प्रसंग यायचाच नव्हता. पहिला दोष तिसऱ्याला झाकून बसला होता. एक अट घालून त्या नऊ जणांना मी जमिनीवर आणले, जरा जड मनानेच.

हा रोग कार्डाबरोबरच आला आहे असे नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रँडू नावाची एक कृती सर्रास वापरात होती. तिच्यात कोणतीही तिसरी संख्या म्हणजे आधीच्या संख्येची सहापट वजा त्याआधीच्या संख्येची नऊपट, पूर्ण फेरे सोडून देऊन. तीन-तीन संख्यांचे ठिपके अवकाशात मांडले तर ते सगळीकडे पसरत नाहीत, अवघ्या पंधरा पातळ्यांवर पडतात, फडताळात रचलेल्या ताटांसारखे. अशा सर्वच गुणाकारी कृतींचे ठिपके पातळ्यांवर पडतात, हे जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवून दिले. रँडूवर तोपर्यंत कित्येकांनी आपापली संशोधने उभी केली होती. माझी तर नुसती वाकडची खोली होती.

खरे काम त्यानंतरचे होते. चाराचे ८.७ झाले होते, आणि दात धरून नवाच्या पुढे. मी सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्या गवार मोडीत होत्या. "म्हणजे अकरांतली एक म्हातारी मी," एवढेच म्हणाल्या. मी म्हणालो, "तसं नव्हे, शक्यता..." "तुमच्या कोटी म्हाताऱ्या होतील, मी एकदाच होणार. टोकन भरलंय ना त्यानं?" त्या पन्नास हजारांवर चष्मा पुसण्यासारखे काही नव्हते.

तीन दिवस मी फोन टाळला. साडूंनाही टाळले. चौथ्या दिवशी रात्री केला. "अरे, माझे ते चार टक्के चुकले," मी म्हटले. "जवळजवळ नऊ आहेत." पलीकडे काही आवाज आला नाही. मला वाटले, फ्लॅट डोळ्यांपुढून गेला असेल. मग तो म्हणाला, "बाबा, रांगेचा क्रमांक सगळ्यांना शून्य दिला होतात का?"

"तुला कसं कळलं?"

"मीही दिला होता. ऑफिसात. तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता." आणि मग गाडी रुळावर आल्यासारखा बोलत सुटला. म्हणाला, मी होतो तर फिलॉक्स वापरले असते. २०११ साली काही मंडळींनी काढलेली रीत आहे. तीत विद्यार्थ्याने कुठवर आलो हे ध्यानात ठेवायचेच नसते. स्वतःचा क्रमांक आणि चिठ्ठीचा क्रमांक एवढे दिले की ती चिठ्ठी थेट मिळते, मधली पाने उलटावी लागत नाहीत. खूण नाही, म्हणजे खूण हरवणेही नाही. पंधरा-वीस मिनिटे आम्ही बोललो. नोकरीला लागल्यापासून तो माझ्याशी इतका वेळ बोलल्याचे मला आठवत नाही. पंधरा लाखांचे नाव कुणीच काढले नाही.

ते सौभाग्यवतींनी फोन हातात घेऊन काढले. "दहा देऊ. पाच कमी पडतील ते तू बघ. आणि टोकन परत मिळतं का विचार." टोकन परत मिळाले नाही. पण बिल्डरने त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट त्यावर धरून दिला. पार्किंगच्या बाजूचा आहे. सूनबाईंना हवी असलेली बाल्कनी गेली. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही, पण नकाशा पाहताना एक खिडकी दोनदा मोजली. दहा लाख काढले आणि दात धरले तर शक्यता साडेपाचाच्या आसपास येते. ती मी तीन वेगवेगळ्या बियाण्यांनी काढली आहे, आणि फेऱ्यांचे आकडे रोज सकाळी पाहतो.

परवा वसुबारसेला दोघे आले. चहा होतो न होतो तोच चिरंजीव आपल्या खोलीत गेले; धाकट्या मामेभावाला जुना कुठलासा मोटारींचा खेळ दाखवायचा होता. लगेच हाक आली, "बाबा, हे काय चालू ठेवलंय? पडदा हलत नाही!"

मी म्हटले, "जरा दम धर. आईनं आत्ताच तीर्थयात्रेचा खर्च सांगितलाय. सातवी फेरी चालू आहे."